आकड्यांमागची मुले

(संस्थेच्या वर्धापनदिनी चाकूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. बालविकास, आरोग्य आणि शिक्षण यांच्या संशोधनात संख्याशास्त्राचा उपयोग, असा तो विषय आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. गणिताची आणि आमची शाळेतच फारकत झाली. पुढे पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी पत्करली आणि वीस-बावीस वर्षे आकड्यांच्याच संगतीत काढली. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते एका कारकुनाच्या समजुतीने. विद्वत्तेचा दावा नाही. परंतु हा विषय आपल्या वस्तीच्या अगदी दाराशी येऊन उभा आहे, अशी आमची खात्री झाली आहे. ती कशी झाली ते आधी सांगतो.

आपली संस्था सायंकाळची अभ्यासिका चालवते हे आपण जाणताच. मागील वर्षी कार्यकारिणीच्या बैठकीत प्रश्न निघाला की, वर्गणीतून जमलेला पैसा अभ्यासिकेवर घालावा, की चार-पाच हुशार मुलांना लातूरला शिकवणीसाठी पाठवण्यावर घालावा? आम्ही अभ्यासिकेच्या बाजूचे. हजेरीपट घेतला, शाळेचे निकाल घेतले, बँकेत ताळा जुळवतो तसा कागद तयार केला आणि बैठकीत ऐटीत वाचून दाखवला. अभ्यासिकेत येणारी मुले न येणाऱ्यांपेक्षा जास्त पास झाली होती. आमच्या मते विषय संपला होता.

मागे बसलेल्या एका वयस्कर उपासिकेने विचारले, "अन् जी पोरं आलीच न्हाईत, त्यांचं नाव कुठल्या पानावर हाय, बाबा?"

आम्ही म्हणालो, "मावशी, ती आली नाहीत म्हणूनच तर मागे राहिली."

त्यावर त्या म्हणाल्या, "आली न्हाईत म्हणून मागं राहिली, का मागं होती म्हणून येता आलं न्हाई?"

मित्रहो, आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचा ताळा बरोबर होता, पण हिशेब चूक होता. पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळले की जगभरचे संशोधक ज्या प्रश्नाशी झगडतात, तोच प्रश्न मावशींनी एका वाक्यात विचारला होता.

आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ६० मुले आहेत. ३० अभ्यासिकेत आली, त्यांपैकी २२ पास झाली. ३० आली नाहीत, त्यांपैकी १७ पास झाली. ५ मुलांचा फरक दिसतो. कोणीही म्हणेल, अभ्यासिकेचा फायदा झाला. आता याच मुलांचे आणखी दोन गट करा. ज्यांना घरी काम नाही अशी मुले एका बाजूला. धाकट्या भावंडाला सांभाळणारी, पाणी भरणारी, सोयाबीनच्या काढणीला जाणारी मुले दुसऱ्या बाजूला. समजा, मोकळ्या मुलांपैकी २० आली आणि १८ पास झाली. १० आली नाहीत आणि ९ पास झाली. दोन्हीकडे शंभरात ९०. कामाच्या मुलांपैकी १० आली आणि ४ पास झाली. २० आली नाहीत आणि ८ पास झाली. दोन्हीकडे शंभरात ४०. बेरीज करून पाहा, तीच २२ आणि तीच १७. पण अभ्यासिकेचा फायदा कोठे गेला? तो नव्हताच. मोकळी मुले अभ्यासिकेत जास्त आली एवढेच घडले होते.

आता यात एकच आकडा बदला. कामाच्या ज्या १० मुलांनी अभ्यासिका गाठली, त्यांपैकी ४ ऐवजी ७ पास झाली असे धरा. मग मोकळ्या मुलांना अभ्यासिकेने काहीच दिले नाही, परंतु कष्टाच्या मुलांना शंभरात ४० वरून ७० वर नेले, असा अर्थ निघतो. म्हणजे ज्यांना यायला जमत नाही, त्यांनाच तिची खरी गरज आहे. वरवरच्या बेरजेत दोन्ही वेळा अभ्यासिका चांगलीच दिसली असती. पण पहिल्या हिशेबाने ती बंद करावी लागली असती, तर दुसऱ्या हिशेबाने तिची वेळ बदलून ती दुप्पट करावी लागली असती.

सारख्याची सारख्याशी तुलना करणे, हे या शास्त्राचे मूळ आहे. बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

आता अडचण अशी की, मुलाचा निकाल एकाच कारणाने ठरत नाही. आईचे शिक्षण, शाळेचे अंतर, घरातली वीज, लहानपणीचे आजारपण, शिक्षकांची हजेरी अशी दहा कारणे असतात. प्रत्येक कारणासाठी गट पाडत गेलो तर ६० मुलांचे इतके लहान कप्पे होतील की एखाद्या कप्प्यात एकच मूल उरेल. म्हणून संख्याशास्त्रज्ञ एक समीकरण मांडतात. निकालातला एवढा वाटा हजेरीचा, एवढा आईच्या शिक्षणाचा, एवढा अंतराचा, आणि जो कशानेच उलगडत नाही तो 'उरलेला' वाटा. यालाच प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. त्याच्या एका नेहमीच्या पद्धतीला इंग्रजीत रिग्रेशन आणि मराठी पुस्तकांत समाश्रयण असा शब्द आहे. बँकेतील बांधवांना हे लगेच कळेल. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आपण सस्पेन्स खात्यात ठेवतो. ती खाऊन टाकत नाही आणि कोणाच्याही नावावर दडपूनही देत नाही. चांगले प्रतिमान आपले सस्पेन्स खाते उघडे ठेवते. सगळे कळले असा आव आणत नाही.

एकच कारण धरून बसू नये, हा धडा आपल्याला फार पूर्वी मिळालेला आहे. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, सबब तुकडे एकत्र करा, असा बोलबाला होता. बाबासाहेबांनी तो प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती प्रमाणात आहे यावर ते ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेतीवर विसंबलेल्या जादा लोकसंख्येला उद्योगधंद्यांत काम मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांनी दाखवले. एका कारणामागे लपलेली दुसरी कारणे शोधण्याची ही दृष्टी आहे.

या शास्त्राने प्रत्यक्ष जीव कसे वाचले, त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने प्रथम बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. एका भागातील ५८ गावांत गावपातळीवरच न्यूमोनिया ओळखून औषध देण्याची सोय केली आणि शेजारच्या ४४ गावांशी तुलना केली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू उपचाराच्या गावांत ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५ होते.

पुढे त्यांनी नवजात बालकांकडे लक्ष वळवले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी पाठवले. त्या बाळाचे वजन करीत, त्याला ऊब कशी द्यावी ते सांगत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखत आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. ही सेवा ३९ गावांत होती, तुलनेला ४७ गावे होती. १९९३ ते १९९५ या काळात, म्हणजे सेवा सुरू होण्यापूर्वी, हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यातील मृत्यू सेवेच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. दोन्हीकडे जवळपास सारखेच. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, सेवेच्या गावांत हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते.

आता विद्यार्थ्यांनी वहीत हिशेब करावा. एकीकडे ३६.५ ने घट, दुसरीकडे १.६ ने वाढ. तुलनेची गावे नसती तर कोणी म्हटले असते की रस्ते झाले, पाऊसपाणी बरे झाले, काळच सुधारला. पण काळ तर दोन्ही गावांना सारखाच होता. म्हणून फरकाचे श्रेय त्या बायांच्या हातांना देता आले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याची योजना सुरू झाली, तिच्या मुळाशी हा गडचिरोलीचा अनुभव आहे. आपल्या वस्तीत बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येणारी आशाताई तुम्ही पाहिली असेल. तिच्या झोळीत हा हिशेब आहे.

येथे आणखी एक बारकावा सांगतो. एकाच गावातील दोन बाळे ही दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. त्यांची विहीर एक, रस्ता एक, दवाखाना एक. एकाच घरातल्या दोघांची साक्ष न्यायालय जशी सावधपणे ऐकते, तशी संशोधकाला गावातील बाळांची मोजदाद करावी लागते. मूल वर्गात, वर्ग शाळेत, शाळा गावात, अशा पायऱ्या लक्षात घेणारी प्रतिमाने याचसाठी असतात. एकाच शाळेतील शंभर मुले पाहून साऱ्या तालुक्याविषयी बोलू नये, हा त्याचा सोपा अर्थ.

शिक्षणातलेही एक उदाहरण देतो. मुंबई आणि बडोदा येथे 'प्रथम' या संस्थेचा बालसखी नावाचा उपक्रम होता. वर्गात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी बाजूला घेऊन वाचन आणि अंकगणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याचा अभ्यास केला. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. कोणाच्या वशिल्याने नाही आणि कोणाच्या हौसेनेही नाही. त्यामुळे आमच्या मावशींचा प्रश्नच उरला नाही. दोन्ही बाजूंना सारखीच मुले आली. निकाल असा की मुलांचे सरासरी गुण वाढले आणि सर्वांत जास्त लाभ वर्गातल्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातील मुलांना झाला. या दोन संशोधकांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. आपल्याला त्यातून घ्यायचे ते एवढेच की, मागच्या बाकावरचे मूल योग्य मदत मिळाल्यास सर्वांत जास्त पुढे सरकू शकते.

आता सरासरीविषयी दोन शब्द. मराठवाड्याच्या माणसाला 'अनुशेष' हा शब्द शिकवावा लागत नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी राज्य शासनाने १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ साली तिचा अहवाल आला. राज्याची सरासरी हा मापदंड धरून कोणता जिल्हा किती मागे आहे ते समितीने क्षेत्रवार काढले. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. त्यापूर्वी मागासलेपण ही केवळ तक्रार होती. समितीने तिला आकडा दिला. आकड्यावर भांडता येते, अंदाजपत्रकात मागणी करता येते.

परंतु जिल्ह्याच्या सरासरीतही तालुका लपतो, तालुक्याच्या सरासरीत गाव लपते आणि गावाच्या सरासरीत वस्ती लपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आहे. २०१५-१६ च्या फेरीपासून त्यात जिल्हावार आकडे मिळू लागले. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरातील सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने उंचीने खुजी आढळली. ही ३५ बालके सगळ्या गल्ल्यांत सारखी वाटलेली असतील काय? आपल्याला उत्तर ठाऊक आहे. पण ठाऊक असणे वेगळे आणि दाखवून देणे वेगळे.

आणि काही वेळा तर माणूस सरासरीतही येत नाही. राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून बालमृत्यूंची स्वतः मोजणी केली. २००१ साली 'कोवळी पानगळ' या नावाने तो अहवाल आला. प्रत्यक्ष घरोघर मोजल्यावर जितके बालमृत्यू निघाले, त्याच्या मानाने सरकारी नोंदीत फारच थोडे होते. ज्याचा जन्म लिहिला नाही, त्याचा मृत्यूही लिहिला जात नाही. ज्या मुलाचे नाव पानावर नाही, त्याच्यासाठी योजना कोण आखणार? मावशींचा प्रश्न पुन्हा तोच.

विद्यार्थी मित्रहो, येथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. अशा समीकरणांत पुष्कळदा जातीचा रकाना असतो. त्या रकान्यापुढे उणे चिन्ह आले की काही लोक म्हणतात, पाहा, या समाजाची मुले मुळातच मागे. हा आकड्याचा अपमान आहे. जातीच्या रकान्यात जात नसते. त्यात पाण्याचे अंतर असते, आजोबांना न मिळालेली जमीन असते, आईची न झालेली शाळा असते, वर्गातले मागचे बाक असते. ही कारणे नीट मोजून समीकरणात घालत गेलो की त्या रकान्याचे वजन कमी होत जाते. जे वजन तरीही उरते, त्यात आपण न मोजलेली कारणे असतात, आणि भेदभाव हे त्यांपैकी एक. म्हणून असा आकडा पुढे आला की लाजून मान खाली घालू नका. विचारा, यात काय काय मोजले आणि काय मोजले नाही?

दुसरे असे की प्रतिमान समूहाविषयी बोलते, एकेका मुलाचे भविष्य सांगत नाही. आई निरक्षर असलेल्या शंभर मुलांविषयी ते काही सांगेल. तुमच्या शेजारी बसलेल्या त्या एका मुलीविषयी नाही. तिला कोणी आकडा दाखवून गप्प बसवू लागला, तर तो संख्याशास्त्र जाणत नाही असे खुशाल समजावे.

बँकेच्या खिडकीवर पालक येतात. दागिने ठेवून कर्ज काढतात आणि विचारतात, "साहेब, लातूरला ठेवलं तर पोरगं लागतंय का?" लातूर पॅटर्नने मराठवाड्याचे नाव राज्यभर नेले, त्यामागे शिक्षकांचे आणि मुलांचे अपार कष्ट आहेत, हे आम्ही आदराने मान्य करतो. पण गुणवत्ता यादीचा फलक पाहताना दोन प्रश्न विचारावेत. या वर्गात मुले आली तेव्हा त्यांचे गुण किती होते? आणि जी मुले आली पण फलकावर नाहीत, ती किती? हे दोन आकडे मिळाले तरच वर्गाने मुलाला किती पुढे नेले ते कळते. आधीच पुढे असलेले मूल पुढे राहिले, याला मोजणी म्हणत नाहीत. पालकाला आम्ही 'जाऊ नका' म्हणत नाही. विचारून जा, एवढेच म्हणतो.

आता शेवटी, आमच्या त्या बैठकीचे काय झाले? मावशींच्या प्रश्नानंतर निर्णय पुढे ढकलला. आम्ही काही जण रविवारी वही घेऊन न येणाऱ्या मुलांच्या घरी गेलो. त्यांत मुली जास्त होत्या. आई शेतातून येईपर्यंत धाकट्याला सोडून त्यांना निघता येत नव्हते, आणि आई येईपर्यंत आमची अभ्यासिका सुटलेली असायची. आम्ही ज्याला नावड समजत होतो, ती घड्याळाची अडचण होती. समितीने वेळ पुढे नेली, धाकट्या भावंडाला सोबत आणण्यास मोकळीक दिली. लातूरला मुले पाठवण्याचा प्रस्ताव बाजूला पडलेला नाही. तो पुढच्या बैठकीत येईल.

नव्या वेळेचा गुण आला की नाही, हे आज आम्ही सांगणार नाही. एका वर्षाच्या निकालावर ऐट मिरवल्याची शिक्षा एकदा भोगली आहे. मात्र या वर्षी हजेरीपटात रकाने वाढवले आहेत. मूल आले तेव्हा त्याला काय येत होते, घरी कोणते काम असते, आणि आले नाही तर का. वस्तीतल्या प्रत्येक शाळकरी मुलाचे नाव त्यात आहे, मग ते अभ्यासिकेत येवो वा न येवो. ही वही तीन वर्षे नेमाने लिहायची आहे. त्यासाठी महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन-तीन मुलामुलींची गरज आहे. गणित उत्तम हवे अशी अट नाही. दार वाजवण्याची लाज नसावी, एवढीच अट.

ज्या समाजाला शतकानुशतके इतरांनी मोजले, किंवा मोजलेच नाही, त्या समाजाने आता स्वतःची वही स्वतः लिहावी आणि दुसऱ्याची वही वाचायलाही शिकावे. आमचे म्हणणे एवढेच आहे. नावे देण्यासाठी कार्यक्रम संपल्यावर आम्ही दाराशी थांबणार आहोत.